उलटी परिक्रमा

माहूरला राखी पौर्णिमेला पायी परिक्रमा असते. रेणुकामातेचा गड मधे ठेवून लोक भर पावसात रानातून वळसा घालतात, कुणी अनवाणी, कुणी डोक्यावर प्लास्टिकचं पोतं घेऊन. माझ्या आईनं लग्नाआधी दोनदा केलेली आहे. आता तिचे गुडघे नांदेडच्या घराचा जिना चढताना वाजतात, पण श्रावण लागला की ती परिक्रमेचं सगळं सांगत बसते. कोणत्या ओढ्यात चप्पल वाहून गेली, कुठं शिदोरी सोडली, कुठं तिच्या मावशीला विंचू चावला.

ऐकून ऐकून माझ्या डोक्यात किडा वळवळला की हा वळसा सायकलवर घालायचा.

माझी सायकल साधी माउंटन बाईक आहे. ॲल्युमिनियमची फ्रेम, 29 इंची चाकं, फक्त पुढं सस्पेन्शन, दोन्हीकडं तेलाचे डिस्क ब्रेक, पुढं एकच चकती आणि मागं अकरा गिअर, त्यातला सगळ्यात मोठा 51 दातांचा. नांदेडात ती चालवायची म्हणजे नदीकाठचे कच्चे रस्ते नाहीतर डांबर. आमच्या नांदेड जिल्ह्यात डोंगर आणि दाट जंगल दोन्ही एकत्र पाहिजे असेल तर किनवट-माहूर गाठावं लागतं. बाकी ठिकाणी डोंगर बहुतेक बोडके. इथं मात्र गावाच्या कुठल्याही गल्लीतून वर पाहिलं की सागाची झाडी दिसते.

नकाशानं आधी फसवलं. मोबाइलवर जे उपग्रहाचं चित्र दिसतं त्यात नुसता हिरवा गालिचा. सागाच्या पानाखाली बैलगाडीची वाटसुद्धा झाकली जाते. मग कुठंतरी डोकं चाललं आणि गूगल अर्थवर जुनी चित्रं उघडून उन्हाळ्यातली काढली. फेब्रुवारीनंतर सागाचं पान झडलं की वाटा पांढऱ्या रेघांसारख्या वर येतात. पायवाटा, गाडीवाटा, वणवा अडवायला वनखात्यानं मोकळ्या केलेल्या जाळरेषा, सगळं उघडं पडतं. चार रात्री बसून रेघा जोडल्या. 44 किलोमीटरचा वळसा निघाला. पायी परिक्रमेची तंतोतंत वाट ती नव्हती, कारण तिच्यातले काही टप्पे सायकलचे नाहीतच, आणि पैनगंगा अभयारण्याचा भाग मी मुद्दाम सोडला होता.

आता प्रश्न दिशेचा. सायकलवाल्यांचा हिशेब सोपा असतो. चढ डांबरावर घ्यायचा, उतार कच्च्यावर घ्यायचा. म्हणजे दत्तशिखराच्या घाटानं सकाळच्या गारव्यात वर जायचं, अनसूयेच्या डोंगरावरून मागच्या अंगाला दगडी वाटेनं उतरायचं आणि मग रानातून, तांड्यांवरून, वझऱ्याला शेख फरीदच्या धबधब्यावरून गावात परत. उलट्या बाजूनं गेलं तर तोच दगडी उतार दुपारी दोन वाजता चढ होऊन समोर उभा राहणार. मी पाच मिनिटांत निर्णय घेऊन टाकला. त्यात आणखी काही बघायचं असतं हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

दिवस निवडला दसरा होऊन गेल्यानंतरचा, दिवाळीच्या आधीचा. नवरात्रात गडावर मुंगी शिरायला जागा नसते. पावसाळ्यात काळी माती सायकल चालू देत नाही. उन्हाळ्यात वणव्यांचे आणि तेंदूपानाचे दिवस. ऑक्टोबर बरा. फक्त गवत कमरेएवढं असतं, त्याचा हिशेब मी धरला नव्हता.

किनवटचा माझा मेव्हणा सोबत आला, पण गाडी घेऊन. सायकल चालवायचं त्याला विचारलं तर म्हणाला, “दाजी, मी वझऱ्याला गाडी लावून झोपतो. तुम्ही जिवंत आलात तर उठवा.” त्याचंच एक काम मात्र मोलाचं झालं. आदल्या संध्याकाळी तो मला ओळखीच्या एका वनरक्षकाकडं घेऊन गेला. गार्डसाहेबांनी सायकल चारी बाजूंनी पाहिली, टायर दाबलं, सीट वरखाली करून बघितली. मग म्हणाले, “सायकलवर सागाचं लाकूड नेणारे लई पकडले. नुसती सायकल घेऊन रानात जाणारा पहिल्यांदाच बघतोय.” नकाशावरच्या माझ्या दोन रेघा त्यांनी सरळ खोडल्या. एका ठिकाणी कूप, म्हणजे वनखात्याची झाडतोड, चालू होतं, दुसरी वाट तीन वर्षांपूर्वीच नाल्यानं खाल्ली होती. आणि अस्वलाचं विचारलं तर म्हणाले, “अस्वल आपणहून अंगावर येत नाही. पण तुमची ही सायकल आवाज करत नाही, हीच भानगड आहे. अवचित समोर गेलात की ते घाबरतं, आणि घाबरलं की मग फाडतं. काहीतरी वाजवत जा.”

मेव्हण्यानं रात्री सासऱ्यांच्या गोठ्यातून पोळ्याची घुंगरमाळ आणली. त्यातली चार घुंगरं सोडून हँडलला बांधली.

सकाळी सव्वासहाला माहूरच्या बसस्थानकाजवळून निघालो. अंधार विरत होता. घाटाला लागेपर्यंत अंग गरम झालेलं नव्हतं आणि घाट काही थांबत नाही. पहिला गिअर सुरुवातीलाच टाकू नये, हातचा राखून ठेवावा, हे शहाणपण मला माहीत आहे. मी तिसऱ्या वळणावर टाकला. घुंगरं पायाच्या ठेक्यावर वाजत होती, त्यामुळे पुढं चालणारे दोन म्हातारे बैलगाडी समजून रस्त्याच्या कडेला झाले. मागं वळून बघतात तर हेल्मेट घातलेला माणूस, धापा टाकतोय. एकानं हात जोडले. देवाला की मला, कळलं नाही.

दत्तशिखराशी पोचलो तेव्हा घड्याळात पावणेआठ. खाली पैनगंगेच्या खोऱ्यात धुकं बसलेलं, आणि त्याच्या पलीकडं विदर्भ. दत्तात्रेयांचा जन्म इथला मानतात, पायऱ्यांवर पहाटेपासून वर्दळ होती. सायकल टपरीला टेकवून चहा घेतला. टपरीवाल्यानं विचारलं, “कुठून आलाव आन् कुठं चाललाव?” मी अनसूयेवरून मागं उतरून वझऱ्याला, असं सांगितलं. त्यानं हातातल्या गाळणीनं हवेत एक गोल काढला, माझ्या दिशेनं एकदा आणि मग त्याच्या उलट एकदा. काही बोलला नाही. मला वाटलं रस्ता समजून घेतोय.

अनसूयेच्या पुढचा उतार सुरू होण्याआधी मी टायरची हवा कमी केली. पुढं 21, मागं 24 पीएसआय. ट्यूबलेस असल्यामुळे तेवढी कमी चालते आणि रबर दगडाला धरून राहतं. सीट चार बोटं खाली. मग जे सुरू झालं त्याला वाट म्हणायचं म्हणजे ओढ्याचा अपमान. पावसानं मुरूम वाहून नेलेला, खाली नुसते काळे बेसॉल्टचे दगड, काही रोवलेले, काही सुटे, आणि दोन्हींवर सागाची ओली पानं. कोणता दगड हलणार ते चाक त्यावर गेल्यावरच कळतं.

अशा उतारावर एकच गोष्ट पाळायची. दगडाकडं बघायचं नाही. बघितलं की चाक तिथंच जातं. नजर आठ-दहा हात पुढं, दोन दगडांच्या मधल्या फटीवर. पार्श्वभाग सीटच्या मागं, टाचा खाली, कोपर बाहेर, आणि पुढचा ब्रेक एका बोटानं, लोण्यातून सुरी ओढावी तसा. मागचा ब्रेक लोक भीतीनं गच्च धरतात. चाक अडकतं, फरफटतं आणि सायकल तुम्हाला न विचारता आडवी होते. हे सगळं मला पाठ आहे. तरी दोनदा आडवा झालो. पहिल्यांदा कोपर सोललं, दुसऱ्यांदा नुसतीच अब्रू गेली, कारण झाडावर बसलेल्या वानरांनी ते पाहिलं.

साधारण चार किलोमीटरचा हा उतार. त्यातला दीडेक किलोमीटर सायकल हातात धरून चाललो, हे कबूल करायला हरकत नाही. ब्रेकच्या चकत्यांना पाणी लावलं तर चर्र वाजलं.

खाली उतरलं की रान एकदम उघडतं आणि शेतं लागतात. सोयाबीनची काढणी चालली होती. एका वावरात मळणीचा हडंबा लावलेला, भुसा उडत होता. इथं काळी माती. वरून कोरडी, सुकलेली, फुटकी. म्हटलं चला, निभावलं. शंभर पावलांवर पाटाचं पाणी आडवं वाहिलेलं, आणि तिथं सायकल जी रुतली ती रुतलीच. काळ्या मातीचं असं आहे की ती चाकाला चिकटते, चिकटलेल्या मातीला आणखी माती चिकटते, मग भुसा, मग गवत, आणि दोन वेढ्यांत चाक सायकलच्या फोर्कमध्ये अडकून बसतं. ढकलूनही फिरत नाही. तेरा किलोची सायकल वीस किलोची झाली. ती खांद्यावर घेतली आणि बांधावरून निघालो. आतापर्यंत मी सायकलवर होतो, आता सायकल माझ्यावर.

बांध संपला तिथं तांडा होता. एका घरासमोरच्या हौदावर मला बघून पोरं जमली. सागाची काटकी घेऊन माती खरवडायला लागलो तर एका पोरानं काटकी काढून घेतली आणि मोडक्या विळ्याचं पातं आणलं. चार जणांनी मिळून पाच मिनिटांत चाक मोकळं केलं. एका पोरीनं सागाचा कोवळा शेंडा खुडून माझ्या तळहातावर चोळला. हात लालभडक. मी दचकलो, ती सगळी खदखदून हसली. नवख्या माणसावर करायचा हा त्यांचा ठरलेला खेळ असावा. तो रंग साबणानंही लवकर जात नाही.

ओसरीवर एक आजी शेंगा निवडत बसली होती. हातभर बांगड्या, कपाळावर गोंदण. तिनं विचारलं कुठून आलास. सांगितलं. गड कुठंय? मी डावीकडं हात केला. झाडीच्या वर गडाचा डोंगर दिसत होता. ती शेंगा ठेवून उठली.

“अन् परिक्रमा म्हणून निघालाव?”

“हो.”

“देव डाव्या हाताला ठेवून?”

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. टपरीवाल्याची गाळणी आठवली. प्रदक्षिणा उजवी घालायची, देव उजव्या हाताला, हे मला पाळण्यात असल्यापासून माहीत. घरच्या तुळशीला मी कधी उलटा फिरलो नाही. आणि इथं चार रात्री नकाशे बघून, चढ-उताराचे आलेख काढून, मीटर न् मीटर मोजून उलटाच निघालो होतो.

“आजी, सायकलला ही बाजू सोपी पडते,” मी म्हणालो.

“सायकलला पडंल,” ती म्हणाली आणि परत शेंगांना बसली. थोड्या वेळानं तिनं पेलाभर ताक दिलं. त्यात काही राग नव्हता.

तांड्यानंतरचं रान या सगळ्या वळशातलं सगळ्यात देखणं. साग, मध्ये मध्ये ऐन आणि धावडा, खाली मोहाची थोराड झाडं. वाट मातीची, थोडी चढती, थोडी उतरती, सायकल आपसूक पळते. घुंगरं वाजत होती, ऊन पानांतून कवडशांनी पडत होतं आणि मी खूश होतो. अस्वल दिसलं नाही. वारुळं तेवढी उकरलेली दिसली, दोन-तीन ठिकाणी, ताजी. घुंगरं मी मुद्दाम जास्त वाजवत गेलो.

खुशीत असलं की माणूस वेगानं जातो. उजव्या बाजूला एक दगड चाकूसारखा उभा होता, मागचं चाक त्याला घासून गेलं. फस्स. टायरच्या पोटातलं पांढरं सीलंट रुईच्या चिकासारखं उडायला लागलं. काट्याचं भोक असतं तर ते आपोआप बुजलं असतं. हा काप होता, बाजूच्या पातळ भिंतीवर, अंगठ्याच्या नखाएवढा. रबराची वात खुपसून पाहिली, एक घातली, दुसरी घातली, तरी हवा ठरेना. बाजूच्या भिंतीचं हे नेहमीचं दुखणं आहे. तिथं रबर जाडीला नसतं, वात धरून राहायला काही मिळत नाही.

म्हणजे ट्यूब घालणं आलं. चाक काढलं, टायर एका बाजूनं सोडलं, व्हॉल्व्ह काढला. टायरच्या आत हात फिरवायचा, पण हळू, हे महत्त्वाचं. आत बाभळीच्या काट्यांची नऊ टोकं निघाली. एवढे दिवस सीलंटनं ती मुकाट सांभाळली होती, ट्यूबला मात्र एकही सोसलं नसतं. एकेक चिमट्यानं ओढलं. त्यात दोन कुसळं पण होती, ती आत कशी गेली देव जाणे. मग मुख्य अडचण. कापावर आतून काही आडवं लावलं नाही तर ट्यूब तिथून फुग्यासारखी बाहेर येते आणि फुटते. लोक दहाची नोट घडी करून लावतात. माझ्याकडं होती पाचशेची एकच, बाकी सगळे पैसे मोबाइलमध्ये, आणि त्या रानात मोबाइलला रेंजसुद्धा नव्हती.

इकडं तिकडं पाहिलं. आपल्या राज्यात 2012 पासून गुटखाबंदी आहे. त्या पायवाटेवर, माणसाचा मागमूस नसलेल्या ठिकाणी, मला गुटख्याच्या तीन पुड्या मिळाल्या. चकचकीत, मजबूत, न फाटणाऱ्या. पुसल्या, एकात एक घालून चौपदरी घडी केली, कापावर आतून बसवली, ट्यूब घातली, हातपंपानं हवा भरली. पंपाचे 200 झटके मोजले आणि मग मोजायचं सोडून दिलं. घडी बसली. अजूनही आहे तिथं. बंदी नीट अमलात आली असती तर मी त्या दिवशी चालत घरी आलो असतो.

या सगळ्यात पाऊण तास गेला, पाणी एक लिटर उरलं, आणि गवताची कुसळं सॉक्समध्ये अशी शिरली होती की पाऊल टाकलं की दहा सुया एकदम. पुढं वाट तीन ठिकाणी फुटली. नकाशातली रेघ मधल्या वाटेनं जात होती, मधली वाट पन्नास पावलांवर गवतात संपली. परत आलो. एक गुराखी पोरगा मोठ्या दगडावर बसून माझी गंमत बघत होता. त्याला वझरा विचारलं.

“मधली वाट बैलांची नाही, पाण्याची आहे,” तो म्हणाला. “शेण बघून चला. शेण असलं की वाट गावाला जाते.”

उपग्रहाच्या चित्रात ओढ्याची कोरडी घळ आणि गाडीवाट दोन्ही पांढऱ्या रेघाच दिसतात. चार रात्री मी ज्याला वाट समजलो त्यातला बराच भाग पाणी वाहायची जागा होती. तिथून पुढं मी मोबाइल खिशात ठेवला आणि शेण बघत निघालो. एकदाही चुकलो नाही.

एक नाला मात्र सायकल खांद्यावर घेऊनच ओलांडावा लागला. काठ उभा, दगड शेवाळलेले. आधी बॅग पलीकडं ठेवून आलो, मग सायकल. आई सांगायची तो चप्पल वाहून गेलेला ओढा हाच असेल का, असं मनात येऊन गेलं. गुडघाभर पाणी होतं. श्रावणात ते छातीला लागत असणार.

वझऱ्याला दोन वाजता पोचलो. धबधब्याला पाणी बारीक झालेलं, पण होतं. तिथल्या शेख फरीदच्या दर्ग्यात दोन कुटुंबं नवस फेडायला आली होती, चुलीवर मोठं पातेलं चढलेलं. मेव्हणा गाडीत सीट पाडून झोपला होता. उठवलं. त्यानं मला, सायकलला आणि माझ्या लाल हातांना बघून विचारलं, “रक्त कुणाचं?”

तिथून गावापर्यंत रस्ताच आहे, त्यात सांगण्यासारखं काही नाही. वारं समोरून होतं. ट्यूबवर भरवसा नव्हता म्हणून हळू आलो. माहुरात शिरलो तेव्हा सायकलच्या यंत्रात 47 किलोमीटर आणि 960 मीटर चढ दिसत होता. चुकलेल्या वाटांचे तीन किलोमीटर जास्तीचे. वेळ साधारण नऊ तास, त्यात चाकं फिरत होती ती पाच तासांच्या आतच.

गडाच्या पायथ्याशी सायकल मेव्हण्याकडं देऊन पायऱ्या चढून दर्शन घेतलं आणि तांबूल घेतला. रेणुकामातेचा प्रसाद म्हणजे कुटलेला विडा. दुकानातल्या बाई कुटत होत्या, पान, कात, बडीशेप, खोबरं, सगळ्याचा एकजीव लगदा होईपर्यंत. “आईसाठी घरी न्यायचाय,” म्हटल्यावर त्यांनी पानात बांधून वर पिशवीत घातला.

रात्री उशिरा नांदेडला पोचलो. आई जागीच होती. दात नीट नाहीत तिचे, तरी तांबूल चघळायला काही अडत नाही. मी पायरीवर बसून सॉक्समधली कुसळं वेचत होतो आणि ती एकेक विचारत होती. तांडा लागला का? नाला लागला का? मोहाची मोठी झाडं आहेत का अजून? मग म्हणाली, “आणि गड कुठल्या हाताला होता?”

“डाव्या.”

तिचं चघळणं थांबलं.

“मग ती झाली नाही,” ती म्हणाली. “नुसती झाली नाही असं नाही, उलटी गुंडाळली गेली. आता ती सोडवून ये. सुलट जाऊन.”

मी तिला दगडी उताराचं सांगितलं, तो आता चढ होईल, चार किलोमीटर, सायकल खांद्यावर. तिनं पानाचा उरलेला तांबूल नीट घडी घालून डब्यात ठेवला आणि म्हणाली, “आम्ही तर सगळंच चाललो होतो.”

नवा मागचा टायर मागवलाय. या वेळी बाजूची भिंत जाड असलेला.